मासे दिसत नाहीत

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईहून लंडनला येऊ घातलेल्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: इथून पॅरिसला जायचं कसं? विचारतात माझा सल्ला म्हणून, पण उत्तर त्यांचं आधीच पक्कं असतं. त्यांना 'समुद्राखालून', म्हणजे इंग्लिश खाडीखालच्या रेल्वेच्या बोगद्यातून, जायचं असतं. विमान काय, येताना झालंच. बोट मांडव्याला जाताना झालेली असते. समुद्राखालून मात्र सोसायटीतलं अजून कुणी गेलेलं नसतं.

माझी मावशी याच मताची. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवरून युरोस्टार ही पॅरिसची आगगाडी सुटली तेव्हापासून ती खिडकी धरून बसली होती. फोकस्टनपाशी गाडी बोगद्यात शिरली, तिने चष्मा पुसला, काचेला नाक लावलं आणि थोड्या वेळाने अगदी हिरमुसून म्हणाली, "अगं, मासे कुठायत?"

हा प्रश्न विचारणारी ती एकटी नाही. मत्स्यालयातल्या काचेच्या बोगद्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे समुद्राखालून म्हणजे पाण्यातून असं मनाने धरलेलं असतं. प्रत्यक्षात बोगदा पाण्यात नाहीच. तो समुद्रतळाच्याही खाली, सरासरी ४० मीटर खोल, चिकणमाती मिसळलेल्या खडूच्या थरातून गेलाय. हा थर खणायला मऊ आणि पाणी सहजी झिरपू न देणारा, म्हणून मुद्दाम तोच धरून खणत गेले. भिंतीच्या जागी काच असती तरी मावशीला दिसला असता तो मळकट पांढरा दगड. वीसेक मिनिटं अंधार, कानाला किंचित दडा, की बाहेर फ्रान्सची सपाट शेतं. काकांचा तेवढ्यात डोळा लागला होता. जागे होऊन म्हणाले, "झालं? एवढंच?"

एवढंच, हो. पण या एवढ्याशा कंटाळ्यासाठी माणसं जवळजवळ दोनशे वर्षं खपली. १८०२ मध्ये आल्बेर मातिय्यो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने बोगद्याची योजना मांडली होती. आत तेलाचे दिवे, घोड्यांच्या बग्ग्या आणि खाडीच्या मधोमध घोडे बदलायला एक कृत्रिम बेट! मला हे बेट फार आवडतं. तिथे नक्की चहाची टपरी झाली असती. पुढे १८८० च्या सुमारास दोन्ही किनाऱ्यांवरून खरोखरच खणायला सुरुवात झाली, दोन-दोन किलोमीटरच्या आसपास आत गेलेही, आणि मग इंग्रजांना वाटायला लागलं की उद्या यातून फ्रेंच फौज चालत आली तर? १८८२ मध्ये इंग्रजांनी काम थांबवलं आणि बोगदा राहूनच गेला. अखेर १ डिसेंबर १९९० ला मधल्या सेवा-बोगद्यात दोन्ही बाजू एकमेकांना भिडल्या आणि ग्रॅहम फॅग व फिलिप कोझेत या दोन कामगारांनी भगदाडातून हात मिळवले. ६ मे १९९४ ला राणी एलिझाबेथ आणि राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी उद्घाटन केलं. ५० किलोमीटरचा बोगदा, त्यातला जवळजवळ ३८ समुद्राखाली. गाड्यांचे दोन, आणि मधला लहान, देखभालीसाठी आणि वेळ आलीच तर पळून जाण्यासाठी.

आणि हे सगळं आतून जाणाऱ्याला अजिबात दिसत नाही. ते ज्याला थोडंफार दिसतं तो प्रवासी बोटीचा, ही गंमत मला फार उशिरा कळली. बोगद्यातून निघालेला खडूचा चिखल टाकायचा कुठे, हा इंग्रजांपुढे मोठा प्रश्न होता. तो त्यांनी डोव्हर बंदराच्या पश्चिमेला कड्यांच्या पायथ्याशी समुद्रात भिंत घालून आत ओतला: ४९ लाख घनमीटर. तिथे नवी जमीन तयार झाली, तिचं नाव 'सॅम्फायर हो'. आज तिथे गवत आहे, रानफुलं आहेत, लोक कुत्री फिरवतात. समुद्राच्या पोटातला दगड उन्हात पडलाय आणि डोव्हर-फोकस्टनची रेल्वे त्याच्या शेजारून जाते. युरोस्टार मात्र तिकडे फिरकत नाही.

म्हणून मी हल्ली बोटीची बाजू घेते. घड्याळाच्या हिशेबात बोट हरते, हे मान्य. डोव्हर ते कॅले दीड तास, पण लंडनहून डोव्हरला जायचं, स्टेशनावरून बंदरात पोचायचं, तिथे थांबायचं, पलीकडे उतरून पुन्हा पॅरिसची गाडी गाठायची. दिवस जातो. युरोस्टार सव्वादोन-अडीच तासांत शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात नेऊन सोडते. तास-दीड तास आधी पोचा म्हणतात ते धरूनही दुपारचं जेवण पॅरिसमध्ये होतं. पण बोटीवर तुम्हाला खाडी दिसते. सगळ्यात अरुंद जागी ती ३३ किलोमीटर आहे, हवा स्वच्छ असली तर डोव्हरवरूनच फ्रान्स दिसतो. मालवाहू जहाजांची एक रांग उत्तरेला आणि एक दक्षिणेला अखंड चाललेली असते, आणि आपली बोट त्यांना आडवी छेदत जाते. गणपतीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोड ओलांडावा तशी. डेकवर वारा असा की टोपी गेलीच समजा. ट्रकवाले आत निवांत चिप्स खात बसलेले असतात, त्यांना यात काहीच अप्रूप नसतं. आणि याच पाण्यात १९५८ मध्ये मिहिर सेन आणि १९५९ मध्ये आरती साहा पोहत होते, हे कठड्याला टेकून आठवलं की पोटात गोळा येतो. ज्यांना बोट लागते त्यांच्या पोटात तसाही येतो.

एकेकाळी दुसरा मार्गच नव्हता. मुंबईहून विलायतेला निघालेले कित्येक जण मार्सेलला उतरायचे, आगगाडीने कॅलेला यायचे आणि शेवटी ही खाडी बोटीने पार करायचे. सावरकर मार्च १९१० मध्ये पॅरिसहून परतले ते व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरले आणि तिथेच पकडले गेले. गाडी, बोट, पुन्हा गाडी. पॅरिसहून लंडनला यायचं तर तेव्हा हेच. पुढे १९३६ पासून १९८० पर्यंत 'नाइट फेरी' नावाची गाडी होती. तिचे झोपायचे डबे रात्री प्रवाशांसकट बोटीत चढवून साखळदंडांनी बांधायचे. रात्री लंडनमध्ये झोपायचं, सकाळी पॅरिसमध्ये उठायचं. साखळ्यांच्या खडखडाटात झोप कुणाला लागत असेल, ते सोडा.

विमानाबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. हवेत सव्वा तास आणि जमिनीवर निम्मा दिवस. वर ढग. भाडं कमी दिसतं, मग बॅग मोजतात आणि बरोबरी होते. पॅरिसहून लगेच पुढे कुठे उडायचं असेल तर घ्यावं.

कसेही गेलात तरी काही गोष्टी सुटत नाहीत. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, वेगळा काढावा लागतो. दरवर्षी कुणीतरी हे तिकीट काढल्यावर विचारतं. युरोस्टारला फ्रेंच पोलीस लंडनच्या स्टेशनातच पासपोर्ट तपासतात, डोव्हरला बंदरातच. म्हणजे कागदोपत्री तुम्ही फ्रान्समध्ये शिरता तेव्हा पाय इंग्लंडच्या फरशीवरच असतात. काकांना बोगद्यापेक्षा हेच जास्त आवडलं. आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, इकडून तिकडे दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. मावशीच्या पर्समधले पेढे त्यामुळे रांगेत उभ्या उभ्याच संपवावे लागले. मागच्या जपानी जोडप्यालाही दिले.

तर आता विचारणाऱ्याला मी सांगते: जाताना आगगाडी, येताना बोट. येताना पांढरे कडे समोरून मोठे होत येतात, ते पाठमोरे बघण्यापेक्षा बरं. डोव्हरहून फोकस्टनमार्गे जाणाऱ्या लंडनच्या गाडीत डाव्या खिडकीपाशी बसा, दुसरा बोगदा संपला की 'सॅम्फायर हो' दिसेल. फक्त तिकीट काढण्याआधी ती बोट पायी प्रवाशांना घेते का, हे विचारून घ्या. सगळ्या घेत नाहीत.