माझा अनुभव : व्हायरल लोडचा रिपोर्ट आणि वाया गेलेले आठ महिने

इतकी वर्षं झाली तरी एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी सेंटरच्या त्या खिडकीवरचं "पेंडिंग दाखवतंय" हे वाक्य आठवलं की अजून डोकं सणकतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. मला एचआयव्ही आहे, २०१४ पासून गोळ्या चालू आहेत, तब्येत ठणठणीत, नोकरी चालू, बायको निगेटिव्ह. हे आधीच सांगतोय कारण पुढचं वाचून उगाच कुणाच्या पोटात गोळा यायला नको.

सुरुवातीचं फार काही सांगण्यासारखं नाही. तोंडात पांढरा थर धरला होता, गिळताना त्रास व्हायचा, महिनाभर काही जाईना. त्याच्या दोन वर्षं आधी नागीण उठून गेली होती, तेव्हा मी तिशीतही नव्हतो, पण घरच्यांनी दूर्वा-तांदळाचा लेप लावला, नागिणीचं तोंड शेपटीला मिळू द्यायचं नाही म्हणून सगळे घाबरलेले, आणि रक्त तपासून घे असं कुणीच म्हटलं नाही. (कमी वयात नागीण उठली तर एचआयव्हीची टेस्ट करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते.) शेवटी तीन वेगवेगळ्या किटवर टेस्ट पॉझिटिव्ह आली, सीडीफोर (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा रक्तातला आकडा) २१२. निरोगी माणसाचं ५०० च्या वर असतं, २०० च्या खाली गेलं की त्याला एड्स म्हणतात, म्हणजे मी अगदी उंबऱ्यावर होतो.

काउन्सेलर मॅडमनी तेव्हा उलटा हिशोब मांडून दाखवला. लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यात ताप, अंगदुखी, कधी पुरळ येतं आणि आपोआप जातं, आपण म्हणतो व्हायरल होता. आतड्याच्या आजूबाजूच्या सीडीफोर पेशींचा फडशा त्या पहिल्या काही आठवड्यांतच पडतो. मग शरीर थोडंफार आवरून धरतं आणि वर्षानुवर्षं माणसाला काही म्हणजे काही होत नाही, फक्त आकडा हळूहळू खाली घसरत राहतो. औषध नसेल तर एड्सपर्यंत जायला सरासरी दहा वर्षं, कुणाला चार, कुणाला पंधरा. मला आठवलं की २००६ ला एका लग्नाच्या सीझनमध्ये मी आठ दिवस तापाने पडलो होतो, तेच असेल किंवा नसेलही, काय करायचंय आता.

गोळ्या सुरू झाल्या. रात्री एकच गोळी, तीन औषधं एकत्र, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि एफाव्हिरेन्झ. ह्या एफाव्हिरेन्झने स्वप्नं अशी पडायची की सकाळी उठून बघावं लागायचं गाय खरंच विहिरीत पडली का. तीनेक आठवड्यांत कमी झालं. सीडीफोर चढत चढत ५४८ ला गेलं. इथपर्यंत सगळं छान.

मग मी माती खाल्ली. २०१७ ला चाकणला कंपनीत लागलो आणि सेंटर राहिलं गावाकडच्या जिल्ह्याला. ट्रान्सफर आउट करून पुण्याकडच्या सेंटरला नाव नेता येतं, एका कागदाचं काम आहे, मॅडम चार वेळा म्हणाल्या, पण मला वाटायचं तिथे कंपनीतला कुणी भेटला तर. म्हणून महिन्याला एसटीने जायचं, आणि सुट्टी मिळाली नाही की गोळ्या पुरवून पुरवून खायच्या, कधी चार दिवस गॅप, कधी आठ. भावाच्या लग्नात तर पाहुण्यांनी भरलेल्या घरात डबी काढताच येईना म्हणून अकरा दिवस काहीच नाही. वाटायचं थोडा गॅप पडला तर काय होतंय, सीडीफोर तर चांगलं आहे.

गंमत अशी की गोळी बंद केली की तिन्ही औषधं एकदम अंगातून जात नाहीत. एफाव्हिरेन्झ कितीतरी दिवस रेंगाळतं, लॅमिव्हुडीन लवकर निघून जातं. म्हणजे व्हायरसपुढे तीन पैलवानांऐवजी एकच उभा, आणि तोही असा की व्हायरसमध्ये एक बदल झाला तरी चीतपट. हे मला आधी कुणीतरी असं समजावून सांगायला पाहिजे होतं. "गोळ्या नियमित घ्या" एवढंच सांगतात, का ते सांगत नाहीत.

२०१८ पासून सरकारी सेंटरवर सगळ्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याची टेस्ट, फुकट करायला लागले. त्याआधी नुसत्या सीडीफोरवर चालायचं. माझा नंबर जानेवारी २०१९ ला लागला आणि रिपोर्ट आला २३,६००. हजाराच्या खाली पाहिजे, खरं तर काहीच सापडायला नको. मी म्हणलं मॅडम मला तर काहीच होत नाहीये, तर त्या म्हणाल्या दादा, आधी व्हायरल लोड वाढतो, मग सीडीफोर पडतं आणि तब्येत सगळ्यात शेवटी बिघडते, तुम्ही शेवटच्याची वाट बघताय का?

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं, कारण माझे वडील सातबाऱ्यावरच्या एका चुकीसाठी सहा वर्षं तलाठ्याकडे खेटे घालत होते. व्हायरसची सगळी माहिती म्हणजे साधारण ९,७०० अक्षरांचा कागद. तो पेशीत शिरून त्या कागदाची नक्कल काढतो, पण नक्कल काढणारा तलाठी धांदरट, लिहिलेलं परत वाचून बघतच नाही. साधारण तीन नकलांमागे एक चूक. औषध नसलेल्या माणसात रोज नवे व्हायरस बनतात हजार कोटींच्या घरात, म्हणजे चुका किती ते बघा. बहुतेक चुकांनी व्हायरसच निकामी होतो. पण एखादी चूक नेमकी अशी पडते की गोळी त्याला चिकटतच नाही, आणि अंगात गोळी अर्धवट असेल तर बाकीचे मरतात आणि तो एकटा वाढतो, मग त्याचीच पिलावळ. शिकून सवरून हुशार झालेला वगैरे काही नसतो तो, बाकीच्यांना आपणच बाजूला केलेलं असतं.

नियम असा की तीन महिने काउन्सेलिंग करून, गोळ्या मोजून, परत व्हायरल लोड करायचा, तरी हजाराच्या वर आला तर दुसऱ्या लाइनची, म्हणजे पहिली फेल गेल्यावरची औषधं. नियम चुकीचा नाही, बऱ्याच लोकांचा नीट गोळ्या घेतल्यावर खाली येतो. मी त्या तीन महिन्यांत एक गोळी चुकवली नाही, मोबाईलला दोन अलार्म, बायकोचा तिसरा. एप्रिलच्या शेवटी जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये परत रक्त दिलं. आणि इथून सुरू झालं.

मे महिन्यात गेलो, "अजून आला नाही, निवडणुकीमुळे माणसं कमी होती." ठीक आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो, एक दिवसाची रजा, जाऊन-येऊन दहा तास एसटी. खिडकीवरच्या माणसाने कॉम्प्युटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलंच नाही, "पेंडिंग दाखवतंय." कधी येईल? "आला की कळवू." फोन नंबर आहे ना माझा? "आहे की." परत वीस दिवसांनी गेलो. पेंडिंग. म्हणलं लॅबला फोन लावा ना, तर म्हणे आम्ही असा फोन लावत नाही, मेल करतो. मेल केला का? "करू." मागे लाइनीत एक म्हातारी होती, ती मलाच म्हणाली, बाबा, त्याच्यावर चिडून काय उपयोग, चहा पिऊन ये. मी खरंच बाहेर जाऊन चहा प्यायलो आणि टपरीवर उभा राहून रडलो, लाज वाटते सांगायला पण रडलो.

कारण आता मला माहीत होतं ना आत काय चाललंय. मी रोज गोळी घेतोय, ती बहुतेक लागू पडत नाहीये, आणि लागू न पडणारी गोळी घेत राहणं म्हणजे व्हायरसला अजून तालीम देणं, ह्या औषधासोबत त्याच घराण्यातल्या दुसऱ्या औषधांनाही तो पुरून उरायला लागतो. एक्स्प्रेस गाडीसारखा तो पुढे चाललाय आणि मी खिडकीत उभा. शिवाय लोड वाढलेला असला की बायकोला धोका, डॉक्टरांनी कंडोम परत सुरू करायला सांगितलेलं. लोड सापडतच नसेल तर संबंधातून लागण होत नाही, पण आमचं ते सुख गेलं होतं.

१२ जुलैला मी ठरवूनच गेलो की आज हलणार नाही. बाकावर बसलो साडेनऊपासून. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथला टेक्निशियन भाऊ डबा खात होता, त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं आणि शेवटी म्हणाला, या इकडे, नंबर सांगा. त्याने सॅम्पल पाठवल्याचं जाड रजिस्टर काढलं, एप्रिलच्या पानावर बोट फिरवत आला, आणि थांबला. फॉर्मवर माझा नंबर मराठी आकड्यात लिहिलेला होता. शेवटचा आकडा ९. पुढे टाइप करणाऱ्याने तो १ वाचला होता. आपला ९ आणि १ घाईत लिहिला तर कसा दिसतो ते सगळ्यांना माहितीये.

रिपोर्ट २१ मे लाच आला होता. ४१,०००. कुणा दुसऱ्याच माणसाच्या नावावर पडून होता.

मी आधी हसलो, खरंच. एका अक्षराच्या चुकीने व्हायरस वाचला आणि एका आकड्याच्या चुकीने मी अडकलो. मग मनात आलं तो १ नंबरवाला बिचारा, त्याला सांगितलं असेल तुझा लोड ४१ हजार, बसला असेल काउन्सेलिंगला. ते मी लगेच भाऊंना बोललो, त्यांनी त्याची फाईलही काढली. खिडकीवाल्याने सॉरी म्हटलं नाही, "होतं असं कधीकधी" म्हणाला. टेक्निशियन भाऊंचे मात्र उपकार विसरणार नाही.

तर टिप एक नंबर, जी सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होती: रक्त देताना ट्यूबवरचा आणि फॉर्मवरचा नंबर स्वतः वाचा, मोठ्याने वाचा, फोटो काढा. ग्रीन बुकच्या (सेंटरवरच्या आपल्या उपचारांच्या नोंदवहीच्या) प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, लपवून फोल्डर करून ठेवा पण ठेवा.

त्यानंतरही फाईल तज्ज्ञ डॉक्टरांच्या पॅनेलपुढे जावी लागते, ती तारीख ऑगस्टच्या पुरात पुढे गेली, त्यात कुणाचा दोष नाही, हायवेच बंद होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवीन गोळ्या हातात. सीडीफोर तोपर्यंत ४३१ ला आलेलं.

नवीन गोळ्यांत बघतो तर लॅमिव्हुडीन परत आहेच! म्हणलं डॉक्टर, हे तर फेल गेलंय. त्यांनी समजावलं की लॅमिव्हुडीनला चुकवायला व्हायरस १८४ नंबरच्या जागी जो बदल करतो त्याने तो स्वतःच लंगडा होतो, नकला कमी काढतो, आणि नवीन गोळ्यांतलं दुसरं औषध, झिडोव्हुडीन, त्याच्यावर जास्त लागू पडतं. म्हणून मुद्दाम चालू ठेवतात, म्हणजे लंगडत राहील. माझ्यात नेमका कुठला बदल झाला ते कधी तपासलं नाही, ती टेस्ट सरसकट सगळ्यांची करत नाहीत, पण ह्या औषधांवर फेल गेलेल्यांमध्ये हा नेहमीचाच म्हणाले.

तिसरं औषध अटाझानाविर, त्याने डोळे पिवळे झाले. लिव्हर व्यवस्थित, नुसता रंग. पण आमच्या मावशीने कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्याचा धोशा लावला, शेवटी एकदा गेलो, त्याने चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढून दाखवलं, मावशी खूश, डोळे तसेच. झिडोव्हुडीनने हिमोग्लोबिन उतरू शकतं म्हणून सुरुवातीला ते वरचेवर तपासलं, ते मात्र नीट राहिलं.

मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या दहा दिवस आधी, रिपोर्ट आला: टार्गेट नॉट डिटेक्टेड. तेव्हापासून दरवर्षी तेच. बायकोची टेस्टही निगेटिव्ह. चाकणजवळच्या सेंटरला ट्रान्सफर पण करून घेतली, कंपनीतला एकजण तिथे भेटलाच, तोही त्याच लाइनीत उभा होता, आता आम्ही एकाच बाईकवर जातो.

लोक विचारतात आता काही सापडतच नाही तर जुन्या गोळ्यांवर परत जाता येईल का. नाही. व्हायरस काही झोपलेल्या पेशींत आपला कागद ठेवून देतो, त्यात जुन्या चुकलेल्या नकलाही असतात, दफ्तरखान्यातल्या गठ्ठ्यांसारख्या, आणि औषध थांबलं की बहुतेकांत काही आठवड्यांत बाहेर येतो.

आता अटाझानाविर जाऊन डोल्युटेग्रॅव्हिर आलंय, डोळे पांढरे झाले, मावशी म्हणते बघ, उतरली की नाही. हे ज्यांना चालू आहे त्यांनी कॅल्शियम, लोह किंवा अॅसिडिटीचं पातळ औषध त्याच वेळी घेऊ नका, गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. टीबीची औषधं सुरू झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा, डोस बदलावा लागतो. आणि सेंटरवर कुणी नीट बोलत नसेल, नाव फोडत असेल तर २०१७ चा कायदा आहे, १०९७ वर फोन फुकट लागतो, मी लावलाय.