अठ्ठेचाळीस चौकटी

पहिला दिवस

पुढच्या भेटीआधी तीन दिवसांचा तक्ता भरून आणा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. अर्ध्या तासाची एक चौकट, दिवसाच्या ४८. प्रत्येकीत पाचपैकी एकच खूण करायची. झोपले होते, ‘ऑफ’ होते, ‘ऑन’ होते, ‘ऑन’ होते आणि अंग आपोआप हलत होतं पण त्रास नव्हता, अंग हलत होतं आणि त्रासही होता. गोळी लागू असली, हातपाय ऐकत असले की ‘ऑन’. गोळी उतरली की ‘ऑफ’. मला पार्किन्सन्स आहे हे कळून सात वर्षं झाली. आता हे दोन शब्द घरात इतके रुळलेत की मुलगी फोनवर ‘कशी आहेस’च्या आधी ‘ऑन आहेस ना, आई?’ विचारते.

तक्ता ह्यांनी उशाशी टांगलाय, दोरीने पेन बांधून. ही वही वेगळी. चौकटीत मावणार नाही ते इथे लिहीन.

वही मुद्दाम दुरेघी घेतली आहे. कोऱ्या कागदावर माझं अक्षर ओळीच्या सुरुवातीला नीट असतं आणि शेवटाकडे जाईतो मुंगीएवढं होतं. हात दमतो म्हणून नव्हे. केवढं लिहायचं याचा मेंदू हाताला जो अंदाज देतो, तोच दर अक्षराला थोडा थोडा कमी पडत जातो. दोन रेघा समोर असल्या की कुठपर्यंत जायचंय ते डोळ्यांना दिसतं आणि हात तिथवर पोचतो. प्रत्येक शब्दाआधी मनात ‘मोठं’ असं म्हणते. हे पान लिहायला त्यामुळे वेळ लागतोय, पण वाचता येतंय.

सकाळी सहा: ऑफ. साडेसहा: ऑफ.

जाग येते तेव्हा रात्रभरात औषध पार उतरलेलं असतं. डावं पाऊल आत वळलेलं, बोटं तळव्याकडे आवळलेली, आतून कोणी दोरी ओढून धरल्यासारखी. पोटरीत गोळा आलेला. पहिली गोळी ह्यांनी रात्रीच वाटीत काढून ठेवलेली असते, शेजारी पाणी. कोपरावर टेकून ती घ्यायची आणि वाट बघायची. तीस मिनिटं, चाळीस मिनिटं. सुटायला सुरुवात होते ती करंगळीपासून. आधी करंगळी सैल पडते, मग तिच्याशेजारचं बोट, सगळ्यात शेवटी अंगठा. मग टाच गादीला टेकते. टाच टेकली की मी ह्यांना हाक मारते.

त्या गोळीत लेव्होडोपा असतं आणि सोबत कार्बिडोपा. मध्यमेंदूत काळसर पेशींचा लहानसा पट्टा असतो, तिथे डोपामिन तयार होतं. माझ्या त्या पेशी मरत चालल्यात. डोपामिनच गोळीतून देऊन उपयोग नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. हा बदल वाटेतच, मेंदूबाहेर होऊ नये एवढं कार्बिडोपा बघतं. नाहीतर सगळी मळमळ आणि उलट्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या आर्विद कार्लसन यांनी सशांना एक औषध देऊन त्यांच्या मेंदूतलं डोपामिन संपवलं. ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा टोचलं आणि थोड्या वेळात ते उठून हिंडायला लागले. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. करंगळी सुटते तेव्हा मला रोज ते ससे आठवतात.

पेशींचं मरणं ही गोळी थांबवत नाही. थांबवेल असं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. ‘उपचार लक्षणांवर आहे, आजारावर नाही,’ हे वाक्य पहिल्याच भेटीत ऐकलं तेव्हा शिक्षा सुनावल्यासारखं वाटलं होतं. नुसत्या लक्षणांना गोंजारून काय होणार, असं मी ह्यांना रडत विचारलं होतं. आज मला ‘लक्षण’ हा शब्द हलका वाटत नाही. आवळलेली करंगळी हे लक्षण आहे. स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता न येणं हे लक्षण आहे. मी जगते ती तिथेच.

दुपारी सव्वातीन: ऑफ.

आतल्या खोलीच्या दारात पाय रुतले. जमिनीला चिकटले, असंच म्हणावं लागेल. वरचं अंग पुढे निघालेलं आणि तळवे जागच्या जागी. फिजिओथेरपिस्टनी बजावलंय की अशा वेळी रेटायचं नाही, रेटलं की तोल जातो. आधी थांबायचं. ताठ उभं राहायचं. श्वास. वजन डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग समोरची रेघ ओलांडायची. त्यासाठी ह्यांनी उंबऱ्याआधी पावलापावलावर पिवळ्या चिकटपट्टीचे चार पट्टे लावलेत. सपाट फरशीवर न उचलणारा पाय पट्टी ओलांडायची म्हटल्यावर उचलतो. आपोआप चालण्याची वाट बिघडली आहे, पण बघून, ठरवून चालायची वाट अजून शाबूत आहे. मी ‘एक’ म्हणाले, मोठ्याने, आणि गेले.

पट्टीचं एक टोक उचकटलंय. बदलायला हवी, त्यातच पाय अडकायचा.

दुसरा दिवस

सकाळ चांगली गेली. साडेसात ते साडेनऊ सलग चार चौकटींत ‘ऑन’. केस मी विंचरले, वेणी मी घातली.

बटणांचं मात्र जमलं नाही. बटण दोन बोटांत धरायचं, काजाच्या फटीत तिरकं सरकवायचं, पलीकडून दुसऱ्या हाताने ओढून घ्यायचं. यात किती कामं आहेत हे मला साठ वर्षांत कळलं नव्हतं. डावा अंगठा बटण पलीकडून पकडायला जातो आणि पोचेपर्यंत बटण परत बाहेर. खालची तीन मी लावली. वरची दोन ह्यांनी. ते बटण लावताना माझ्याकडे बघत नाहीत, बटणाकडेच बघतात. त्याबद्दल मला त्यांचे आभार मानायचे आहेत आणि तोंडाने ते कधी निघत नाहीत.

दुपारी मुलीचा फोन. मी तिची बातमी ऐकून मनापासून खूश झाले होते, आणि ती म्हणाली, “आई, रागावलीस का?” व्हिडिओवर माझा चेहरा दिसत होता तिला. चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, हसू आत होतं आणि बाहेर येत नाही. वर आवाज बारीक. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एकदा आवाज मोजायचं यंत्र समोर ठेवून मला वाचायला लावलं. मला वाटत होतं मी भांडल्यासारखी ओरडतेय. यंत्रावर ते जेमतेम साधं बोलणं होतं. अक्षराचं झालं तेच आवाजाचं झालंय, स्वतःचा अंदाजच चुकतो. म्हणून रोज दहा मिनिटं ‘आ’ लांबवायचा, कानाला जास्त वाटेल इतक्या जोरात. मुलीला मी त्या आवाजात म्हटलं, “मला फार आनंद झालाय.” ती रडली. मग मीही.

आनंदाचं लिहितेय तर हेही लिहायला हवं. पहिली दोन वर्षं मला कशातच रस नव्हता. आजार कळला म्हणून उदास आहे, कोण होणार नाही, असं सगळे म्हणायचे आणि मीही तेच धरून बसले. उदासी हाही ह्याच आजाराचा भाग असू शकतो, त्यावर वेगळं औषध असतं, हे मी डॉक्टरांना विचारलंच नाही. कारण मी हाताच्या कंपाबद्दल बोलायला जात होते. दोन वर्षं वाया गेली त्याचं मला अजून वाईट वाटतं. कोणाच्या घरी असं असेल तर कंपाच्या आधी मनाचं सांगा, असं मला कळकळीने म्हणायचंय.

तिसरा दिवस

वाईट दिवस. बारा ते साडेतीन सगळ्या चौकटी ऑफ.

चूक माझी. भूक लागली म्हणून दूध आणि अंडं आधी घेतलं आणि गोळी त्यावर. प्रथिनांतले काही घटक आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दारातून जातात. गर्दी झाली की औषध मागे राहतं. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, हे मला पाठ आहे. बद्धकोष्ठ असेल तरी असर उशिरा, म्हणून त्याचीही काळजी घ्यायची. लोहाची गोळी असेल तर तीही दूर ठेवायची.

पडल्या पडल्या तो दवाखाना आठवला. तीन वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले होते. माझ्या गोळ्या परिचारिकांनी काढून घेतल्या आणि वॉर्डाच्या वेळेला द्यायला लागल्या. सहाची गोळी नऊला. ‘थोडं इकडेतिकडे चालतं,’ असं सांगितलं. चालत नाही. संध्याकाळपर्यंत मी लाकूड झाले होते, घोट गिळता येईना. त्यात मळमळ थांबायला मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. ते डोपामिनचीच वाट अडवतं, आमच्यासारख्यांना द्यायचं नसतं. ह्यांनी माझ्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावून दिला तेव्हा कुठे गाडी वळली. ही औषधं एकाएकी तुटली तर ताप चढतो, अंग ताठरतं, जिवावरही बेतू शकतं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण माहीत नव्हतं, आणि मी तोंड उघडून सांगण्याच्या अवस्थेत नव्हते. त्या दिवसापासून पर्समध्ये एक कार्ड आहे: गोळ्यांची नावं, मिनिटासकट वेळा, आणि खाली लाल शाईत काय देऊ नये ते.

चारनंतर उठले. पाच वाजता उलटंच झालं. गोळी पूर्ण चढली आणि खांदे, मान आपोआप डोलायला लागले. पाहुण्यांना हे बघवत नाही. त्यांना वाटतं आता त्रास वाढला. खरं तर त्या वेळी मी चालू शकते, लिहू शकते. हे डोलणं आजाराचं कमी आणि बरीच वर्षं घेतलेल्या औषधाचं जास्त. निश्चल बसण्यापेक्षा मला डोलत चाललेलं बरं. चौथ्या प्रकारची खूण केली: ‘ऑन’, अंग हलतंय, पण त्रास नाही.

रात्री दोन ते साडेतीनच्या चौकटींत ह्यांनी ‘झोपली होती’ अशी खूण केली आहे. सकाळी बघितलं तर त्यांच्या गालाच्या हाडावर निळं पडलं होतं. मी झोपेत मारलं. स्वप्नात कोणी माझ्या मागे लागलं होतं आणि मी हात उगारला. मला स्वप्न आठवतंय, मारल्याचं आठवत नाही. ते म्हणाले, “जाऊ दे, झोपेतच होतीस ना, मग खूण बरोबर आहे.”

भेटीचा दिवस

डॉक्टरांनी पट्टी लावून तिन्ही तक्ते आडवे वाचले. प्रत्येक गोळीच्या आधीचा तास-दीड तास ऑफ, सगळीकडे. लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी ते साठवून पुरवून वापरतात, पेशी कमी झाल्या की गोळी संपली की संपलं. आता चारऐवजी पाच वेळा, दर खेपेला थोडी कमी, आणि प्रत्येकीबरोबर एन्टाकॅपोन, म्हणजे असर लांबेल. लघवी लालसर-तपकिरी होईल, घाबरू नका, असंही सांगितलं. मेंदूत इलेक्ट्रोड बसवून छातीत कातडीखाली यंत्र ठेवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’बद्दल, मी विचारलं. गोळीने जे सुधारतं ते बहुतेक त्याने सुधारतं आणि जास्त वेळ टिकतं; तोल आणि आवाज यांची आशा धरू नये. अजून घाई नाही, पण नाव मनात ठेवायचं. मला आवाज हवाय. विचार करेन.

उठताना डॉक्टरांनी ह्यांच्या गालाकडे बघून विचारलं. हे काही बोलेनात. मीच सांगितलं, यंत्रासमोरच्या आवाजात. मग ह्यांनी हळूच सांगितलं की हे आजचं नाही, बारा वर्षांपासून आहे. आजार कळायच्या पाच वर्षं आधीपासून. वाईट स्वप्नं पडतात बिचारीला, असं समजून ते गप्प राहिले. डॉक्टर म्हणाले, स्वप्नाच्या झोपेत शरीर सैल पडायला हवं, ते पडत नाही, आणि पुष्कळांमध्ये हे कंपाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं. मला फुलांचा वास येईनासा झाला तोही साधारण तेव्हाच. आणि नंतर डावा खांदा आखडला, तोही ह्याच आजाराचा, आणि दीड वर्ष आम्ही तो नुसता शेकत बसलो होतो.

रात्रीसाठी मेलाटोनिन दिलंय. बिछान्याजवळ टणक काही ठेवू नका, आणि काही दिवस वेगळं झोपलात तरी चालेल, असं सांगितलं.

हे वेगळं झोपायला तयार नाहीत. मग रात्री मीच मध्ये लांब उशी आडवी घातली, नीट, त्यांच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. दिवा मालवल्यावर त्यांनी ती थोडी खाली सरकवली, माझा हात त्यांच्या हातात राहील इतकी.