एकाच कार्डाचे पॉइंट्स, दोन तिकिटं: सिंगापूर ते टोरांटो आणि परत

फेरी अशी. जाताना सिंगापूर–इस्तंबूल–टोरांटो, टर्किश एअरलाइन्सने, मध्ये इस्तंबूलला तीन रात्री मुक्काम. येताना टोरांटो–लंडन–सिंगापूर, ब्रिटिश एअरवेजने, लंडनला फक्त विमान बदलायचं. चारही उड्डाणं बिझनेस क्लासची. जातानाचं तिकीट एअर कॅनडाच्या एअरोप्लॅन या पॉइंट्स योजनेतून, येतानाचं ब्रिटिश एअरवेजमध्ये चालणाऱ्या एव्हिऑस पॉइंट्सवर, आणि दोन्हीकडचे पॉइंट्स एकाच कार्डावरून वळवलेले. अवॉर्ड तिकिटं, म्हणजे पॉइंट्स देऊन काढलेली तिकिटं, बहुतेक योजनांमध्ये एकेरी काढता येतात आणि परतीचं तिकीट एकत्र काढून काही वाचत नाही. त्यामुळे जायला एक योजना आणि यायला दुसरी, हे सर्रास चालतं. आपलं कार्ड दोन्हीकडे पॉइंट्स पाठवतं का, एवढं मात्र आधी बघावं. एकाच कंपनीच्या कार्डाची भागीदार यादीही देशागणिक वेगळी असते.

टर्किशच्या विमानात बसायला एअर कॅनडाचे पॉइंट्स कसे चालतात, हा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. दोन्ही कंपन्या स्टार अलायन्समध्ये आहेत. १९९७ साली पाच विमान कंपन्यांनी सुरू केलेला हा गट. असेच आणखी दोन गट आहेत: वनवर्ल्ड १९९९ चा, स्कायटीम २००० चा. गटातल्या कोणत्याही कंपनीच्या योजनेतून दुसऱ्या कंपनीची सीट काढता येते. विमान कुणाचं यापेक्षा तिकीट कोण काढतंय याला महत्त्व, कारण पॉइंट्स किती लागणार, सरचार्ज (विमान कंपनीचा जादा आकार) लागणार का, रद्द केल्यास किती कापणार, हे सगळं तिकीट काढणारी योजना ठरवते. गटाची यादी जुन्या माहितीवर विसंबून धरू नये. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स स्टार अलायन्सच्या संस्थापकांपैकी, तरी सप्टेंबर २०२४ पासून ती स्कायटीममध्ये आहे.

आधी सीट, मग पॉइंट्स

कार्डावरचे पॉइंट्स विमान कंपनीकडे गेले की परत येत नाहीत. नंतर तिकीट रद्द केलं तरी माइल्स (विमान कंपनीच्या योजनेतले पॉइंट्स) विमान कंपनीच्या खात्यातच परततात, कार्डावर नाही. म्हणून ट्रान्सफर ही शेवटची पायरी. ‘आत्ता ट्रान्सफरवर ३० टक्के बोनस चालू आहे’ म्हणून सीट न शोधता पॉइंट्स वळवणं ही या छंदातली सर्वांत महागडी चूक. बोनस संपतो, सीट मिळत नाही, आणि पॉइंट्स मुदत असलेल्या खात्यात अडकून बसतात.

सीट शोधताना संपूर्ण प्रवास एकदम टाकण्याआधी प्रत्येक उड्डाण सुटं तपासावं. लांब पल्ल्याचा टप्पा मिळणं अवघड असतं, आणि इथे इस्तंबूल–टोरांटो आणि सिंगापूर–इस्तंबूल हे दोन्ही तसेच. इथे एक खाचखळगा आहे. दोन्ही टप्पे सुटे दिसतात, पण एकत्र शोधले की गायब होतात, किंवा याच्या उलट. विमान कंपन्या कनेक्शनचे टप्पे जोडीने विकतात, त्याला मॅरिड सेगमेंट म्हणतात. सुट्या टप्प्यावर सीट नाही म्हणून तारीख सोडू नये, आणि सुटी दिसली म्हणून हुरळूनही जाऊ नये. खरा निकाल पूर्ण प्रवासाच्या शोधातच लागतो.

दुसरी फसगत भुताटकीच्या सीटची. वेबसाइट सीट दाखवते, पण ती प्रत्यक्षात केव्हाच गेलेली असते आणि जुनी माहिती स्क्रीनवर तशीच राहिलेली असते. उपाय साधा आहे: तीच सीट गटातल्या दुसऱ्या योजनेच्या साइटवर दिसते का ते पाहावं. टर्किशसाठी एअरोप्लॅन आणि युनायटेड या दोन्ही साइट पाहिल्या की पुरतं. दोन्हीकडे दिसली, आणि पुढे प्रवाशाचं नाव भरण्याच्या पानापर्यंत गाडी अडली नाही, तर सीट बहुधा खरी. शंका उरली तर कॉल सेंटरला फोन करून ती सीट राखून बघायला सांगावी. फोनवर क्लासचं अक्षर सांगितलं की काम लवकर होतं. स्टार अलायन्सच्या अवॉर्ड सीटना इकॉनॉमीत एक्स, बिझनेसमध्ये आय आणि फर्स्टमध्ये ओ हे अक्षर असतं. ब्रिटिश एअरवेजमध्ये बिझनेसच्या अवॉर्ड सीटला यू आणि फर्स्टला झेड.

किती आधी शोधायचं? ब्रिटिश एअरवेज ३५५ दिवस आधी तारखा उघडते, युनायटेड ३३७, अमेरिकन एअरलाइन्स ३३१. कॅलेंडर उघडतं त्या दिवशी आणि उड्डाणाच्या आधीच्या दोनेक आठवड्यांत सीट सुटण्याची शक्यता जास्त. मधले महिने कोरडे. तारखांची लवचीकता नसेल तर या खेळात फार दम नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

हिशेब

पॉइंटला काय भाव मिळाला हे काढायचं सूत्र छोटं आहे: रोख तिकिटाची किंमत वजा अवॉर्ड तिकिटावर भरलेले कर, भागिले लागलेले पॉइंट्स. कुठल्याही चलनात रोख तिकीट १,२०० चं, कर १५०, पॉइंट्स ७०,०००. म्हणजे १,०५० भागिले ७०,०००, दर शंभर पॉइंट्सना दीड. तेच पॉइंट्स कार्डाच्या पोर्टलवर (कार्ड कंपनीच्या तिकीट काढण्याच्या साइटवर) शंभराला एक या भावाने जात असतील तर ट्रान्सफर फायद्याची. फरक निसटता असेल तर पोर्टलच घ्यावं. पोर्टलवरून काढलेलं तिकीट सहसा रोख तिकिटासारखंच वागतं, त्यावर माइल्सही मिळतात, आणि सीट शोधत बसावं लागत नाही. शिवाय सूत्रात घालायची रोख किंमत म्हणजे आपण खरोखर खिशातून दिली असती ती. बिझनेसचं अवाढव्य भाडं धरून स्वतःच्या पाठीवर थाप मारणं सोपं आहे. ते तिकीट कुणी विकत घेणारच नव्हतं.

ट्रान्सफरचं गणित उलटीकडून करावं. समजा ८७,५०० माइल्स हवेत आणि प्रमाण पाचाला चार आहे. १,०९,३७५ पॉइंट्स लागतील, पण ट्रान्सफर हजाराच्या पटीत असेल तर १,१०,००० पाठवावे लागतील आणि ८८,००० माइल्स जमा होतील. २५ टक्के बोनस असेल तर तेवढ्याच माइल्ससाठी ८८,००० पॉइंट्स पुरतात. बोनस असाच वापरावा: सीट हातात असताना.

विमान कंपनीचं खातं ट्रान्सफरच्या दिवशी उघडू नये. काही महिने आधी उघडून ठेवावं आणि त्यावरचं नाव कार्डावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवावं. ट्रान्सफर अडण्याचं नेहमीचं कारण हेच: एकीकडे मधलं नाव आहे, दुसरीकडे नाही. काही जोड्यांमध्ये माइल्स मिनिटांत पोहोचतात, काहींमध्ये कित्येक दिवस लागतात आणि तेवढ्यात सीट जाते. शिवाय दुसऱ्यासाठी तिकीट काढायचं असेल तर योजनेचे नियम आधी वाचावेत. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये पाचच नॉमिनी नोंदवता येतात. जपानच्या एएनए आणि कोरियन एअरमध्ये तिकीट नोंदवलेल्या कुटुंबीयांपुरतंच.

जाताना: सरचार्जचं ओझं नाही

एअरोप्लॅन निवडण्याची कारणं दोन. नोव्हेंबर २०२० पासून ही योजना अवॉर्ड तिकिटावर विमान कंपनीचे सरचार्ज लावत नाही, मग विमान कोणत्याही भागीदाराचं असो. विमानतळाचे आणि सरकारी कर तेवढे भरावे लागतात, आणि भागीदार कंपनीच्या तिकिटावर एक छोटी फी. दुसरं कारण स्टॉपओव्हर. एकेरी तिकिटावरसुद्धा ५,००० पॉइंट्स जास्त देऊन मध्ये एका शहरात ४५ दिवसांपर्यंत थांबता येतं. अपवाद कॅनडा आणि अमेरिकेतल्या शहरांचा, तिथे ही सोय नाही.

चोवीस तासांच्या आतला थांबा म्हणजे नुसतं कनेक्शन, त्याला जादा पॉइंट्स लागत नाहीत. इस्तंबूलला तेवीस तासांचा थांबा मिळत असेल आणि शहर नुसतं बघायचं असेल तर ५,००० वाचतात. तीन रात्री राहायचं तर मात्र स्टॉपओव्हरच घ्यावा, आणि बॅगा इस्तंबूललाच ताब्यात घ्याव्या लागतील हे गृहीत धरावं. टर्किशची लांब पल्ल्याची उड्डाणं नव्या इस्तंबूल विमानतळावरून सुटतात. सबिहा गोकचेन हा दुसरा विमानतळ शहराच्या आशियाई बाजूला आहे. हॉटेल निवडताना आणि पुढचं एखादं सुटं उड्डाण जोडताना दोन्हींची गल्लत होते.

येताना: एव्हिऑस आणि लंडनची मेख

एव्हिऑस हे ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, एर लिंगस, कतार एअरवेज आणि फिनएअर या कंपन्यांचं सामायिक चलन आहे. खाती जोडून ते इकडून तिकडे हलवता येतात. त्यामुळे कार्डाचा भागीदार ब्रिटिश एअरवेज नसला, कतार असला, तरी वाट बंद होत नाही.

या तिकिटावर सरचार्ज लागतो आणि बिझनेसमध्ये तो चांगलाच बोचतो. करांच्या तपशिलात वायक्यू किंवा वायआर असा सांकेतिक शब्द दिसला की तो विमान कंपनीच्या खिशात जाणारा पैसा समजावा. सरकारशी त्याचा संबंध नाही. ब्रिटिश एअरवेजची साइट एकाच सीटसाठी एव्हिऑस आणि रोख यांचे अनेक पर्याय पुढे ठेवते. त्यातला पहिला पर्याय डोळे मिटून घेऊ नये. दोन पर्यायांमधला रोखीचा फरक भागिले एव्हिऑसचा फरक, असं काढलं की त्या टप्प्यावर आपण एव्हिऑस किती भावाने विकतोय ते कळतं. वर काढलेल्या भावापेक्षा तो जास्त असेल तर एव्हिऑस द्यावेत, कमी असेल तर रोख.

लंडनला मुक्काम न ठेवण्याचं कारण ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्युटी हा कर. तो ब्रिटनमधून सुटणाऱ्या प्रवाशाला लागतो, अवॉर्ड तिकीट असलं तरीही. चोवीस तासांच्या आत पुढचं आंतरराष्ट्रीय उड्डाण त्याच तिकिटावर असेल तर लागत नाही. २०२३ पासून लंडनपासून ५,५०० मैलांपलीकडच्या ठिकाणांसाठी दराचा वेगळा, सर्वांत महाग पट्टा आहे आणि सिंगापूर त्यात बसतं. विमानातल्या सर्वांत खालच्या वर्गापेक्षा वरच्या वर्गाला दर आणखी चढा. म्हणजे लंडनला दोन दिवस राहण्याची हौस बिझनेसच्या तिकिटावर दुहेरी महाग पडते. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत हा कर माफ आहे. हाच प्रवास लंडनपर्यंतचं एक आणि तिथून पुढचं दुसरं, अशा दोन तिकिटांवर काढला तर थांबा कनेक्शन ठरत नाही, कर लागू शकतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं गेल्याची जबाबदारी कुणीच घेत नाही.

तिकीट हातात आल्यावर

‘बुकिंग कन्फर्म’ असा मेल म्हणजे तिकीट नव्हे. तेरा आकडी तिकीट क्रमांक यायला हवा. पहिले तीन आकडे तिकीट कोणी काढलं ते सांगतात: ०१४ असेल तर एअर कॅनडा, १२५ असेल तर ब्रिटिश एअरवेज. दिवसभरात क्रमांक आला नाही तर फोन करावा, कारण तिकीट न निघालेलं बुकिंग आपोआप गळतं.

जातानाच्या प्रवासात विमान टर्किशचं असल्याने टर्किशचा वेगळा सहा अक्षरी पीएनआर असतो. तो एअरोप्लॅनकडून मागून घ्यावा आणि टर्किशच्या साइटवर टाकून पाहावा. सीट निवडणं, खास जेवण सांगणं, पासपोर्टचा तपशील भरणं हे तिथेच होतं. प्रत्येक टप्प्याची स्थिती एचके असेल तर सीट पक्की. यूसी किंवा यूएन दिसलं तर काहीतरी बिनसलंय.

सर्वांत त्रासदायक भानगड वेळापत्रक बदलल्यावर होते. विमान कंपनी नवी वेळ टाकते, बुकिंगमध्ये ती दिसतेही, पण तिकीट जुन्याच वेळेचं राहतं. दोन्ही जुळत नसतील तर चेक-इन काउंटरवर बोर्डिंग पास निघत नाही. म्हणून बदलाचा मेल आला की ज्या योजनेने तिकीट काढलं तिला फोन करून तिकीट ‘रीइश्यू’ झालं का, म्हणजे नव्या वेळेचं पुन्हा निघालं का, हे याच शब्दात विचारावं. प्रवासाच्या दिवशी मात्र योजनेच्या फोनची वाट पाहू नये. ज्याचं विमान त्याचा काउंटर गाठावा. एअरोप्लॅनवाले टर्किशकडे बोट दाखवणार आणि टर्किशवाले एअरोप्लॅनकडे, हे धरूनच चालावं आणि तिकीट क्रमांक, दोन्ही पीएनआर कागदावर लिहून ठेवावेत.

मधला टप्पा सोडायचा नाही. एक टप्पा चुकवला की पुढचे सगळे आपोआप रद्द होतात. बेत बदलला तर ब्रिटिश एअरवेजचं अवॉर्ड तिकीट उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत फी देऊन रद्द होतं आणि एव्हिऑस परत येतात. त्यानंतर हात वर.

विमानतळांचं थोडक्यात. सिंगापूरच्या चांगी विमानतळाला दोन्ही कंपन्या टर्मिनल १ वर. टोरांटोला स्टार अलायन्स टर्मिनल १, ब्रिटिश एअरवेज टर्मिनल ३. दोन्हींमध्ये रेल्वे आहे, पण चुकीच्या टर्मिनलवर उतरल्यास अर्धा तास जातो. लंडनच्या हीथ्रोला ब्रिटिश एअरवेज टर्मिनल ५ आणि ३ दोन्ही वापरते, त्यामुळे उतरण्याचं आणि पुढचं टर्मिनल बोर्डिंग पासवर पाहावं. टर्मिनल बदलायचं असेल तर बस आणि पुन्हा सुरक्षा तपासणी आली. दीड तासाचं कनेक्शन तिथे तोकडं पडतं. व्हिसा लागतो का हे पासपोर्टवर अवलंबून आहे आणि तिकीट काढण्याआधी तपासायचं आहे, ब्रिटनसाठी ट्रान्झिटचा आणि कॅनडासाठी प्रवेशाचा.

परतीचं विमान लांबलं तर अवॉर्ड तिकीट म्हणून गप्प बसू नये. युरोपचा २६१/२००४ हा नियम आणि ब्रिटनने त्यावरून ठेवलेला स्वतःचा कायदा, दोन्हींमध्ये फ्रीक्वेंट फ्लायर योजनेतून काढलेली तिकिटं स्पष्टपणे धरलेली आहेत. ब्रिटिश एअरवेजचं टोरांटो–लंडन–सिंगापूर हे संपूर्ण ब्रिटनच्या कायद्याखाली येतं. कारण विमान कंपनीच्या हातातलं असेल आणि सिंगापूरला पोहोचायला चार तासांहून जास्त उशीर झाला तर भरपाई माणशी ५२० पौंड, रोखीत. दावा स्वतः करावा लागतो, बोर्डिंग पासचा फोटो जपून ठेवावा, आणि एव्हिऑस देऊ केले तर ते घ्यायचंच असं बंधन नाही.