वखार मालवणची नव्हतीच! (सातवं पत्र सुटलं)

मंडळी, घरातली जुनी मोडी लिपीतली पत्रं मी वाचतोय, त्यातलं तीन महिने अडलेलं सातवं पत्र काल रात्री सुटलं, अजून हात थरथरतोय. माझे खापरपणजोबा लाकडाच्या वखारीत कारकून होते, आणि पत्रातल्या वखारीच्या गावाचं नाव मी 'मालवण' लावलं होतं. घरातपण पिढ्यान्‌पिढ्या मालवणच म्हणत आलेत.

घोळ असा की त्या शब्दाचं तिसरं अक्षर कसरीने खाल्लंय आणि पहिल्यावरची मात्रा शिरोरेषेच्या शाईत बुडालीये, त्यात मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत त्यामुळे पुढचा शब्द कुठून सुरू होतो तेच कळेना. स्कॅनिंग अ‍ॅपने आपोआप काळंपांढरं करून उरलीसुरली रेघही उडवली होती. मोडीला ते ऑटो फिल्टर अजिबात लावू नका! शेवटी दिवे बंद केले, मोबाईलचा टॉर्च कागदालगत आडवा धरला आणि साधा फोटो काढला. बोरूने कागद दाबला गेला होता तिथे बारीक चर उमटलेला दिसला. 'मा' नाही, 'मो'!

मोलमीन. बर्मा!

मग खालची ओळ पण फिरली. 'हाती ओंडके वोढितात' म्हणजे माणसं हाताने ओढतात असं मी धरून चाललो होतो, ते हत्ती निघाले हो. पत्र शके १८०४ चं, म्हणजे १८८२ च्या सुमाराचं. साग उभा असतानाच बुंध्याला खाच पाडून दोनतीन वर्षं वाळवायचा, कारण ओला साग पाण्यात बुडतो, मग साल्विन नदीतून सोडून मोलमीनच्या गिरण्यांत कापायचा, असा तो धंदा. आम्ही रत्नागिरीचे. सागाच्या वादावरून १८८५ चं इंग्रज-बर्मा युद्ध पेटलं आणि बर्माचा थिबा राजा कैदी होऊन आमच्या गावात आला, त्याच्या तीनचार वर्षं आधी आमच्या घरातला माणूस तिकडे ओंडके मोजत होता, या विचाराने झोप आली नाही.

आता अडलंय ते गिरणीच्या नावावर. पत्रात नुसतं 'साहेबाची गिरण'. मोलमीन म्हटलं की सागाचा धंदा करणारी बॉम्बे बर्मा कंपनी असं लगेच धरायचं नाही, तिथे इतरांच्याही गिरण्या होत्या. शोधासाठी ठरवलेली मालवणची फेरी रद्द, आधी ब्रिटिश बर्मा गॅझेटियर चाळणार होतो...

पण हे लिहिता लिहिता सुचलं, हिशेबाच्या वहीत समासात त्रिकोणात एक टिंब वारंवार येतं, मी ते नक्षी म्हणून सोडून दिलं होतं. ओंडक्यांवर मालकाच्या हातोडीचा छाप मारायचे ना! गॅझेटियर नंतर, आज रात्री वहीची सगळी पानं टॉर्चखाली घेतो. बर्मा सागाचे जुने छाप कुणाकडे असतील तर फोटो टाका.