तिसऱ्या पेऱ्याला आलेला घेवडा

साताऱ्यात आमच्या घरामागे दहा बाय बारा फुटांची जागा आहे. मांडव घालण्याइतकी ऐसपैस नाही, म्हणून वेलाचा नाद सोडून बुटका घेवडा लावायचं ठरवलं. बाजारात आपण फरसबी म्हणतो तीच. रोप फूट-दीड फुटावर थांबतं, आधार लागत नाही आणि 50-55 दिवसांत पहिला तोडा मिळतो.

पहिलं बी जूनअखेर टोकलं आणि झड लागली. आठ दिवस काहीच वर येईना, तेव्हा उकरून पाहिलं. दाणे फुगून साल सुटलेली, बोटांत धरले की लगदा होत होता आणि आंबूस वास येत होता. फार वाईट वाटलं. पुढचा पेरा मार्चमध्ये केला. झाडं हिरवीगार, फुलंही आली. पण रोज सकाळी वाफ्यात पांढऱ्या फुलांचा सडा. पारा तिशीच्या वर गेला की घेवड्याचं फूल टिकत नाही, हे तेव्हा कळलं. त्यात मी शेणखतावर युरियाही टाकला होता, त्यामुळे नुसता पाला माजला.

शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, दसरा होऊ दे. आणि याला पाणी पाजू नकोस, नुसती ओल दाखव.”

त्याप्रमाणे ऑक्टोबरात वीतभर उंच गादीवाफे केले. बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचं ‘अर्का कोमल’ वाण मिळालं होतं. बी भिजवलं नाही. ट्रायकोडर्मा (बी कुजू न देणारी उपयुक्त बुरशी) चोळून, बोटाच्या पेराइतकं खोल, वीतभर अंतरावर टोकलं; दोन ओळींत दीड फूट. जमिनीत वाफसा, म्हणजे बेताची ओल होती, त्यामुळे वरून पाणी घातलंच नाही. तेवढं मन आवरणं मला सगळ्यात जड गेलं.

सहाव्या दिवशी माती तडकली. त्या भेगेतून कोंबाची पांढरट कमान वर आली, डोकं अजून मातीतच. दुपारपर्यंत ती कमान सरळ झाली आणि दाण्याच्या दोन डाळिंब्या डोक्यावर घेऊन रोप उभं राहिलं. मी दिवसभरात चार वेळा जाऊन पाहून आले.

महिन्याभराने कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला. जोराच्या पाण्याने तो धुऊन काढला, मग संध्याकाळी निंबोळी अर्क फवारला. आठवड्याने पुन्हा एकदा. कळी धरल्यावर मात्र ओल अजिबात तुटू दिली नाही, कारण तेव्हा ताण पडला की शेंगा वाकड्या होतात.

पहिला तोडा अर्धा किलोचा. शेंग वाकवली की कट्‌कन मोडायला हवी. आतले दाणे बाहेरून उठून दिसले तर ती निबर झाली. दर तीन दिवसांनी तोडत राहिले, कारण शेंगा झाडावर जून होऊ दिल्या की नवी फुलं थांबतात. चाळीस झाडांनी तीन आठवड्यांत तीन किलो दिल्या. हिंग-मोहरीची फोडणी, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं, एवढ्यावर भाजी केली. मुलाने दुसऱ्यांदा मागून घेतली.

कडेच्या सहा झाडांना मी हात लावला नाही. त्यांच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या, तशा सोलल्या आणि दाणे राखेत घोळवून बरणीत भरले. मूठभर काकूंना दिलेत.