तुळया पॅकिंग नव्हेत

उसाच्या गिरणीचा रोलर म्हणजे घडीव पोलादाचा जाडजूड शाफ्ट आणि त्यावर तापवून चढवलेलं बिडाचं कवच. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याने केनियासाठी घडवलेला असा एक नग, ऐन आषाढात, न्हावाशेवा बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरायच्या यार्डात, ताडपत्रीखाली पडून होता. पोलादी क्रेडलसकट, म्हणजे खालच्या बैठकीसकट, वजन 19 टन. कस्टम्सची तपासणी झालेली, लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे निर्यातीची परवानगी, आदल्या संध्याकाळी मिळालेली, वीस फुटी, वरून उघडा ओपन टॉप कंटेनर शेजारी उभा, क्रेन तासाच्या भाड्याने आलेली. रात्री दहाला जहाजाचा गेट कटऑफ, म्हणजे त्याआधी गाडी बंदरात शिरायला हवी. एलसीमध्ये, म्हणजे कागद बिनचूक असले तरच पैसे देणाऱ्या बँकेच्या हमीपत्रात, माल चढवण्याची शेवटची तारीख त्याच जहाजापुरती जमत होती. पुढचं जहाज आठवड्याने.

माझ्याबरोबर दोन शिकाऊ उमेदवार होते. एक सांगलीकडचा, नुकताच मेकॅनिकल होऊन आलेला. दुसरी नाशिकची, बीकॉम आणि मग आंतरराष्ट्रीय व्यापारातलं एमबीए. त्याला कंटेनर म्हणजे बीम दिसायचा, तिला कंटेनर म्हणजे क्यूबिक मीटर आणि भाडं. दोघेही आपापल्या जागी हुशार, आणि दोघांचंही एकमेकांशी फारसं पटायचं नाही. मी स्वतः मेकॅनिकल करून, चाकणला शॉप फ्लोअरवर तेलकट होऊन मग एमबीएला गेलेली. अजूनही लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, ‘मेकॅनिकल करून ट्रान्सपोर्टमध्ये कशाला गेलीस गं?’

सकाळी क्रेनवाल्याने बेल्ट लावायला घेतले तेव्हा मी खाली वाकून क्रेडल पाहिलं. रोलरची लांबी बरीच, पण क्रेडलचा पाया जेमतेम दोन मीटर. म्हणजे सगळे 19 टन दोन मीटरवर टेकणार.

“थांबवा जरा,” मी म्हटलं.

सुपरवायझरने कंटेनरच्या दारावरची पाटी दाखवली. “मॅडम, पेलोड अठ्ठावीसचा आहे. आपला माल एकोणीस. नऊ टन जागा शिल्लक.”

पाटीवरचा आकडा खरा होता. प्रश्न वेगळा होता. अठ्ठावीस टन हे आतल्या सुमारे 5.9 मीटर लांबीवर सारखे पसरले तरच चालतात, म्हणजे मीटरमागे पावणेपाच टनांच्या आसपास. आमचा रोलर मीटरमागे साडेनऊ टन टाकत होता, बरोबर दुप्पट. जमिनीवर उभ्या कंटेनरला ते एकवेळ सोसेल. पण बंदरात तो उचलला जातो चार कोपऱ्यांना धरून. तेव्हा तळाचे आडवे क्रॉसमेंबर मध्येच दबतात. त्यात पावसाळ्यातला अरबी समुद्र. न्हावाशेव्याहून मोंबासाला जाणारं जहाज या दिवसांत नैर्ऋत्येच्या लाटा अंगावर घेतच जातं. जहाज वरखाली झालं की मालाचं वजन काही क्षण वाढल्यासारखंच असतं, आणि कंटेनर बाजूला कलतो तेव्हा तोच रोलर आडवा सरकू पाहतो.

सांगलीच्या पोराने तोवर मोबाइलवर आकडेमोड सुरू केली होती. “मॅडम, आयएसएमबी 250 जातीचे दोन लोखंडी बीम, साडेपाच मीटरचे. क्रेडलला खालून वेल्ड करू, भार सगळ्या लांबीवर पसरेल. बेंडिंग मोमेंट साधारण 82 किलोन्यूटन मीटर येतो, सेक्शन आरामात बसतो. दोन्ही मिळून चारशे किलोसुद्धा नीट होत नाहीत.” म्हणजे थोडे वर होत होते, पण ते असो. बीमला वाकवणाऱ्या जोराचा हा हिशेब चोख होता. कॉलेजात त्याला याचे दहापैकी दहा मिळाले असते.

नाशिकच्या मुलीने फाइल उघडली. “वेल्ड केलं की ते क्रेडलचाच भाग झालं. म्हणजे पॅकिंग झालं. ग्रॉस वेट बदललं.” आणि तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सला दिलेल्या निर्यातीच्या कागदात, 19 टन लिहिलंय, लेट एक्स्पोर्ट मिळालेली, आता दुरुस्ती म्हणजे कस्टम्स कायद्याच्या कलम 149 खाली अर्ज. चेंबर ऑफ कॉमर्सचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, मालाच्या मूळ देशाचा दाखला, निघालंय, त्यातही ग्रॉस वेट आहे. पॅकिंग लिस्टवर आहे. केनियाला माल पाठवायचा तर निघण्याआधी तपासणी होऊन जे अनुरूपतेचं प्रमाणपत्र लागतं, तेही याच पॅकिंग लिस्टवर निघालंय. बिल ऑफ लेडिंगवर, जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीवर, नवं वजन आणि बाकी कागदांवर जुनं, म्हणजे बँकेच्या हातात आयती डिस्क्रिपन्सी, पैसे अडवायला निमित्त.

“पण वजनात पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो ना? यूसीपीमध्ये आहे की,” पोरगा म्हणाला. त्याने ते कुठूनतरी ऐकलं होतं, याचंच मला कौतुक वाटलं.

मुलगी माझ्याकडे बघू लागली. तिलाही ते बरं वाटलं होतं. मी नाही म्हटलं. यूसीपी 600 म्हणजे एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम; त्यांच्या कलम 30 मधली ती सूट मालाच्या प्रमाणाला आहे, आणि एलसीमध्ये माल नगांत लिहिला असेल तर तीही नाही. आमच्या एलसीत ‘एक नग’ होता. एक नगाचे पाच टक्के काय करणार? आमचा धोका कलम 14 मधला होता: कागदांतली माहिती तंतोतंत एकसारखी नसली तरी चालेल, पण एकमेकींच्या विरोधात जाता कामा नये. 19 टन आणि साडेएकोणीस टन विरोधातच जातात.

मग दोघेही गप्प. एकाकडे मजबूत उत्तर होतं, पण ते कागदात बसत नव्हतं. दुसरीकडे बिनचूक कागद होते, पण त्यांच्यावर विसंबून क्रेन चालवायची म्हणजे कंटेनरचा तळ गेला तर गेला.

(थोडं विषयांतर. भारतात 1963 साली दोन संस्था निघाल्या. दिल्लीत परकीय व्यापार शिकवायला आयआयएफटी, आणि मुंबईत विहार तलावाकाठी औद्योगिक अभियांत्रिकी शिकवायला नीटी, जिचं 2023 मध्ये आयआयएम मुंबई झालं. एकाच वर्षी, दोन गावांत, दोन विषय. पुढे दोन्हीकडे पुरवठा साखळी शिकवायला लागले, पण एकाच टेबलावर बिल ऑफ लेडिंग आणि बेंडिंग मोमेंट डायग्राम ठेवून सोडवायचं गणित मी कुठल्याच प्रश्नपत्रिकेत पाहिलेलं नाही. आमच्याकडे इंजिनिअरिंगला कंटेनर आला तो एका ओळीत, एमबीएला आला तो एका स्लाइडवर.)

मी पोराला विचारलं, “बीम वेल्डच का करायचे? नुसते खाली ठेवले तर?”

“सरकतील.”

“न सरकतील असे ठेवले तर?”

मग मुलीला विचारलं, “क्रेडलला न जोडलेलं, कंटेनरमध्येच राहणारं सामान कशात धरतात?”

“डनेज,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा बदलला. “डनेज व्हीजीएममध्ये जातं. पॅकिंग लिस्टमध्ये नाही!”

तेच. सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुरुस्तीनुसार 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, म्हणजेच व्हीजीएम, जहाजावर चढण्याआधी कळवावं लागतं. त्यात माल, त्याचं पॅकिंग, डनेज, लॅशिंगचं म्हणजे माल बांधण्याचं सामान आणि रिकाम्या कंटेनरचं वजन, सगळं येतं. मालाच्या ग्रॉस वेटमध्ये मात्र माल आणि त्याचं पॅकिंग एवढंच. म्हणजे बोल्ट मारला, वेल्ड केलं की एवढे सगळे कागद बदलायचे. सुटं ठेवून चारही बाजूंनी अडवलं की एकही नाही. वजन कुठे लपवायचं नव्हतंच, शिपिंग लाइनला तर ते किलोपर्यंत कळणार होतं. ते योग्य रकान्यात लिहायचं होतं, आणि तो रकाना ठरत होता वेल्डिंग रॉड हातात घ्यायचा की नाही यावर.

लोखंडी बीमच सुटे ठेवायचे असं पोराचं म्हणणं. मी आधी मोंबासाच्या क्लिअरिंग एजंटला फोन लावला. आपल्याकडे साडेनऊ वाजले होते, तिकडे सात; झोपेतून उठल्यासारखा आवाज. त्याने मात्र स्पष्ट सांगितलं: यादीत नसलेलं नवंकोरं लोखंड आत दिसलं तर तपासणीवाला विचारणार, हे आयात केलंय का? ड्यूटी कुठाय? लाकूड असेल आणि त्यावर शिक्का असेल तर हाकुना शिदा, काही अडचण नाही.

लाकूड म्हटल्यावर गणित पुन्हा पहिल्यापासून. वीस बाय वीस सेंटीमीटरच्या तुळया किती लागतील? पोराने चार काढल्या. लाकडाचा कुठला ताण धरलास, विचारलं, तर पुस्तकातला, कोरड्या, निवडक लाकडाचा. बाहेर पाऊस धो धो. ताण जरा खाली उतरून धरल्यावर सहा आल्या. साडेपाच मीटरच्या सहा तुळया म्हणजे पाऊण टनाच्या वर लाकूड.

ते मिळवणं हा दिवसातला सगळ्यात वैतागाचा भाग. डनेजच्या लाकडालाही आयएसपीएम 15, लाकडातली कीड रोखायचा आंतरराष्ट्रीय नियम, लागू होतो: गाभ्यापर्यंत 56 अंश तापमान सलग 30 मिनिटं, आणि मग आयपीपीसी या वनस्पती संरक्षण कराराचं कणसाचं चिन्ह, देशाची अक्षरं, प्रक्रिया केंद्राचा क्रमांक आणि एचटी (उष्णता प्रक्रिया) असा शिक्का. पहिल्या पॅकिंगवाल्याकडे तुळया होत्या, शिक्का नव्हता. “मॅडम, शिक्का काय, आत्ता मारून देतो,” तो इतक्या सहज म्हणाला की मी फोन ठेवून दिला. दुसरा म्हणाला, मिथाइल ब्रोमाइडचं फ्युमिगेशन करून घ्या. त्याला गॅसखाली निदान 24 तास ठेवावं लागतं. आमच्याकडे दिवेलागणीपर्यंतचा वेळ. शेवटी उरणकडच्या एका जुन्या लाकूडवाल्याकडे, कुणाच्या तरी रद्द झालेल्या ऑर्डरच्या, भट्टीतून निघालेल्या तुळया सापडल्या. तो भाव पाडून द्यायला तयार नव्हता, आणि मी घासाघीस करण्याच्या स्थितीत नव्हते हे त्याला आवाजावरूनच कळलं असावं.

टेम्पो तीनला आला. माथाडींच्या मुकादमाने एकेका तुळईला हात लावून पाहिला आणि एक बाजूला काढली. “ताई, हिला आडवी गाठ आहे, बरोब्बर मधोमध. भार घेतला की इथूनच फुटणार.” पोरगा खाली बसून गाठ बघत राहिला. त्याच्या गणितात गाठ नव्हती. ती तुळई सगळ्यात कडेला, गाठ वरच्या अंगाला येईल अशी ठेवली. तुळई वाकताना ताण खालच्या अंगाला येतो, हे मुकादमाला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि सांगायचीही गरज पडली नाही.

तुळया कंटेनरच्या लांबीला शेजारीशेजारी मांडल्या, दोन्ही टोकांना फळ्यांनी कोपऱ्याच्या खांबांपर्यंत अडवल्या. तुळयांवर रबराच्या पट्ट्या, कारण ओल्या लाकडावर पोलाद साबणासारखं निसटतं. मग क्रेन. एकोणीस टन हवेत असताना कोणी बोलत नाही, फक्त सिग्नलमनचा हात. क्रेडल टेकलं तेव्हा तुळया करकरल्या आणि सहाही एकदम बसल्या. मी दोन्ही बाजूंनी फट राहिली का ते टॉर्चने पाहिलं. बाजूंना लाकडाच्या आडण्या, वरून लॅशिंग. कंटेनरच्या लॅशिंग रिंगा बेताच्या ताकदीच्या असतात, त्यामुळे खरी भिस्त आडण्यांवर. नाशिकच्या मुलीने प्रत्येक तुळईच्या शिक्क्याचा फोटो काढून मोंबासाला आणि लाइनला मेल केला. विषयाच्या ओळीत तिने ‘सुटं डनेज, क्रेडलला जोडलेलं नाही’ असं ठळक लिहिलं. हे मी सांगितलेलं नव्हतं.

वजनकाट्यावर व्हीजीएम सव्वाबावीस टनांच्या आतबाहेर आलं, कंटेनरच्या मर्यादेपेक्षा कितीतरी खाली. फॉर्म 13, बंदरात शिरायचा परवाना, निघाला. बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग होती. कटऑफच्या अलीकडे गाडी गेटातून आत गेली एवढंच. बिल ऑफ लेडिंग क्लीन आलं, ग्रॉस वेट 19 टन, सगळ्या कागदांशी जुळणारं, आणि बँकेने कागद बिनतक्रार पुढे पाठवले. मोंबासाहून पुढे किसुमूकडच्या ऊसपट्ट्यात रोलर पोचल्यावर तिथल्या लोकांनी तुळया परत हव्यात का असं विचारलं. त्यांना शेडसाठी हव्या होत्या. मी कळवलं, ठेवून घ्या.

महिन्याभराने कारखान्याच्या अकाउंट्सकडून फोन. लाकडाचं बिल अडकलं होतं, कारण त्यांच्या संगणकात डनेज नावाचं खातंच नव्हतं. “मॅडम, आम्ही ते पॅकिंग चार्जेसमध्ये टाकतो, चालेल ना?”

नाशिकची मुलगी शेजारीच बसली होती. ती खुर्चीतून जवळजवळ उठलीच, हाताने नाही नाही करत. ते बिल काही बँकेत जाणार नव्हतं. मी म्हटलं, टाका.