समृद्धीवर बॉनेटची फडफड: सिन्नर ते लोणार आणि परत

सिन्नरजवळून समृद्धीवर चढलो तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. जूनचा पहिला आठवडा, समोर कोवळं ऊन, रस्ता मोकळा. 80 पर्यंत सगळं गुपचूप. 90 ओलांडलं तसं बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी चमकून गेलं. आधी वाटलं, उन्हाची तिरीप. 100 ला शंका उरली नाही. सुपात धान्य पाखडावं तसं अख्खं बॉनेट वरखाली होत होतं.

"हे उडणार नाही ना?" बायकोने विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो आणि काटा मुकाट्याने 80 वर आणला.

गाडी नऊ वर्षांची. फोर बाय फोर, चौकोनी तोंडाची, चपट्या बॉनेटची. पुढे मधोमध एक लॉक आणि दोन्ही बाजूंना बाहेरून रबरी हुक. तिचं आयुष्य गेलंय घाटमाथ्यावरच्या कच्च्या वाटांवर, जिथे 30 चा वेग म्हणजे चैन. त्यात मागच्या पावसाळ्यात मी हौसेने पुढे विंचचा (रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या चरखीचा) बंपर बसवला आणि त्यावर लांबलचक लाइट बार, म्हणजे दिव्यांची पट्टी. त्यानंतर गाडी मोठ्या रस्त्यावर अशी प्रथमच सुटली होती. म्हणजे दोष द्यायचाच तर आरसा फार लांब नव्हता.

हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे शाळेत कधीतरी घोकलेलं असतं, पण ते समजतं अशा वेळी. 80 चे 100 केले की वेग सव्वापट होतो, जोर मात्र दीडपटीच्याही वर जातो. 100 च्या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे 47 किलो भरतो. तो सगळा काही बॉनेट उचलायला लागत नाही. पण ग्रिलमधून आत शिरलेली हवा इंजिनच्या खोलीत कोंडते आणि खालून रेटते. बॉनेटच्या पुढच्या काठावरून जाणारी हवा उसळी घेते आणि वरून ओढते. पत्रा थोडा उचलला जातो, हुकाचं रबर ताणतं, परत खेचतं, पुन्हा उचलतं. हीच ती फडफड. पुढे मोठा ट्रक असेल तर त्याच्या मागची घुसळलेली हवा यात भर घालते. आम्ही ट्रकच्या मागे राहिलो की थरथर वाढायची आणि त्याला मागे टाकलं की कमी व्हायची. आडोशाला सुरक्षित वाटतं म्हणून ट्रकच्या शेपटीला चिकटू नका. अंतर ठेवा.

पुढच्या पेट्रोल पंपावर थांबलो आणि पहिली चूक केली. सामान बांधायचा रॅचेटवाला पट्टा बॉनेटवरून आडवा घेऊन करकचून आवळला. पाच किलोमीटर गेलो नाही तोच पट्टा भुंग्यासारखा घुमायला लागला. त्याला मधे एक पिळा दिला की घुमणं थांबतं, ही त्यातल्या त्यात झालेली कमाई. बॉनेटचा मधला भाग दबला, पण दोन्ही कोपरे होते तसेच नाचत राहिले. वर पट्ट्याखाली अडकलेल्या धुळीने रंगावर ओरखडे उठले ते वेगळेच. जालना मागे पडलं, सिंदखेडराजाचा फाटा गेला. तिथे उतरून लखुजी जाधवांचा वाडा पाहायचा बेत होता, तो मी "उन्हामुळे" रद्द केला. खरं कारण बायकोला कळलं होतंच.

मेहकरला समृद्धीवरून उतरलो. लोणारच्या वाटेवर एका गॅरेजसमोर चिंचेखाली जागा दिसली म्हणून थांबलो. मिस्त्री साठीचे असावेत. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, तुम्ही वरून आवळून राह्यले. खालून तं ते रिकामं हाये."

बॉनेट उघडून त्यांनी आधी मधलं लॉक बघितलं. दुसरा खटका, म्हणजे लॉक सुटलंच तर बॉनेट अडवून धरणारा सेफ्टी कॅच, धुळीने इतका चोंदला होता की बोटाने दाबला तर तिथेच अडकून बसत होता. मला तिथेच घाम फुटला. इतकी वाट आम्ही दोन म्हाताऱ्या रबरांच्या भरवशावर आलो होतो. डिझेलने धुऊन, ब्रशने घासून, ग्रीस लावल्यावर खटका टक्‌ करून परत यायला लागला. तुम्हाला बाकी काही करायचं नसलं तरी एवढं निघण्याआधी करा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग त्यांनी माझ्याकडे एक कागद मागितला. मी पंपाची पावती दिली. ती बॉनेट आणि बफरच्या मधे ठेवून बॉनेट बंद केलं आणि पावती ओढली. बफर म्हणजे बॉनेट ज्यावर टेकतं ती रबरी बोंडं, माझ्या गाडीला चार. उजवीकडे पावती जराशी अडून आली. डावीकडे लोण्यातून केस निघावा तशी निघाली. डाव्या पुढच्या बफरचं रबर जागेवर नव्हतंच, कुठल्यातरी ओढ्यात पडलं असणार. उरलेली तीनही चपटी आणि कडक झालेली. बॉनेट खाली टेकतच नव्हतं, नुसतं हुकांना लटकत होतं. मग हुक कितीही आवळा, मधे पोकळी आहे तोवर पत्रा हलणारच.

काम साधं होतं. चेकनट, म्हणजे बफर जागेवर धरून ठेवणारा नट, ढिला करून बफर थोडा थोडा वर घ्यायचा, प्रत्येक वेळी बॉनेट लावून कागद ओढून बघायचा. कागद फाटता कामा नये, पण ओढायला जोर लागला पाहिजे. चारही कोपऱ्यांना सारखा. मग चेकनट परत घट्ट. डावीकडे त्यांनी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं बोंड बसवलं. बॉनेटच्या पुढच्या काठाखाली दाराला लावतात तसली पोकळ रबरी बीडिंग चिकटवली, त्याआधी पत्रा पेट्रोलच्या फडक्याने पुसून घेतला, नाहीतर ती दुसऱ्या दिवशी लोंबते. हुकांचं रबर चिरलेलं होतं. बदलायला माल नव्हता, म्हणून आट्यांवर दोन दोन फेरे देऊन हुक आखूड केले. सगळं मिळून साडेचारशे रुपये आणि दोन चहा. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

लोणारबद्दल थोडक्यात: बेसाल्टमधलं विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. गाडी काठावर ठेवा आणि पायी उतरा, कितीही दणकट असली तरी. खालचं जंगल अभयारण्य आहे. दुपारी विवरात भट्टी असते. संध्याकाळी दैत्यसूदन मंदिर बघा आणि पहाटे विवरात जा.

परतीच्या दिवशी खरी परीक्षा झाली, आणि तिचा विचार मी केलाच नव्हता. जूनमधला वारा पश्चिमेकडून. जाताना तो पाठीशी होता, येताना थेट तोंडावर. काटा 100 दाखवत असेल आणि समोरून ताशी 25 चा वारा असेल, तर बॉनेटच्या लेखी तुम्ही 125 ने चालला आहात. "जाताना तर काही झालं नाही" हा हिशोब म्हणूनच खोटा. समृद्धीवर मोटारींना 120 ची मर्यादा आहे, पण ती गाठलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? आम्ही 95 वर राहिलो आणि बॉनेट गप्प बसलं. एकदा मुद्दाम 105 केले. डावा कोपरा किंचित थरथरला. सुधारणा मोठी, पण पूर्ण नाही.

उरलेला भाग घरी आल्यावर सापडला. बॉनेटवर लोकरीचे वीतभर धागे चिकटपट्टीने ओळीत लावले आणि भल्या पहाटे मोकळ्या रस्त्यावर निघालो. गाडी मी चालवत होतो, बायको शेजारून चित्रीकरण करत होती. मागचे धागे शहाण्यासारखे मागे लोळत होते. पुढच्या ओळीतले मात्र उभे राहून उलटे, ग्रिलच्या दिशेने नाचत होते. लाइट बार काढला आणि परत तीच फेरी मारली. पुढचे धागेही झोपले. तो बार हवेला धक्का देऊन बॉनेटच्या ओठावर उधळत होता. आता तो छताला आहे. नवे हुक बसवले, आणि वारा नसताना 110 ला बॉनेट हलत नाही.

दोन उपाय लोक छातीठोकपणे सुचवतात, ते मी केले नाहीत. एक, बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटचा मागचा काठ उचलणे, म्हणजे कोंडलेली हवा निघून जाईल म्हणे. काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब आधीच जास्त असतो. हवा निघण्याऐवजी आत येऊ शकते, आणि इंजिनचा धूर केबिनच्या हवेच्या तोंडात. दुसरा, बॉनेट कापून जाळ्या बसवणे. योग्य जागी बसवल्या तर खालचा दाब खरोखर कमी होतो, पण आमच्याकडचा पाऊस इंजिनवर थेट ओतून घ्यायची माझी तयारी नाही. बफरही हावरटपणे वर घेऊ नका. लॉकवर ताण येतो, झाकण लावायला धक्का मारावा लागतो आणि कोपऱ्याचा पत्रा वाकतो.

आणि चालत्या गाडीचं बॉनेट उघडलंच, तर करकचून ब्रेक दाबू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, पार्किंग लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर, लावा. डॅशबोर्डच्या वर, बिजागरीपाशी फट दिसत असेल तर तिच्यातून बघा, नाहीतर बाजूच्या काचेतून डोकं काढून. हळूहळू डाव्या कडेला या. उतरायचं ते वाहतुकीकडे पाठ न करता.

पट्टा आता गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला बांधलाय. एक पिळा देऊन.